पोटकलम आणि जादूचा कायदा

त्यांना वेडा ठरवणाऱ्यांपैकी एकानेही त्यांनी लिहिलेला कायदा वाचलेला नव्हता, हे मी आरंभीच नमूद करतो. मी तो वाचला आहे. एकोणसत्तर कलमे, फुलस्केप कागद, डाव्या बाजूला चार बोटे समास, आणि शीर्षस्थानी ठसठशीत अक्षरांत ‘जादू नियमन अधिनियम’. ज्या राज्यासाठी तो लिहिला गेला ते पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हते. ते मुलुंड पूर्वेला, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होते.

इमारत चोवीस सदनिकांची, दोन जिन्यांची. मी त्या वेळी गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो आणि ते तळमजल्यावरचे सभासद. विधुर, निवृत्त. सरकारच्या कायदे भाषांतरित करणाऱ्या खात्यात त्यांनी तीस वर्षे काढली होती. इंग्रजी कलमाला मराठी कलम जोडून देणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. इमारतीत सगळे त्यांना ‘पोटकलम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी कधी आक्षेप घेतला नाही. एकदा मला म्हणाले, “नाव चुकीचं नाही. मुख्य कलमात जे बसत नाही, ते पोटकलमात बसतं.”

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या असत. ‘साखर (पिठीसाखर वगळून)’. ‘डाळी, म्हणजे तूर, मूग व मसूर’. ‘इत्यादी’ हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. ‘इत्यादी म्हणजे आळस,’ असे ते म्हणत. बहिणीला पाठवायच्या पोस्टकार्डातले परिच्छेदही ते क्रमांक घालून लिहीत, आणि बहीण ‘क्रमांक तीनबद्दल’ असे म्हणून उत्तर देई. कोणी काहीही सांगितले की त्यांचा एकच प्रश्न असे: “कशावरून?” दूधवाल्याने दूध चांगले असल्याचे सांगितले तरी, आणि डॉक्टरांनी प्रकृती सुधारल्याचे सांगितले तरी.

मी वर्तमानपत्रांना आणि महापालिकेला पत्रे लिहीत असे, अजूनही लिहितो. ती टाकण्यापूर्वी मी त्यांना दाखवी. एका पत्रावर त्यांनी लाल शाईने शेरा मारला होता: ‘यात राग आहे, मागणी नाही.’ मी वाद घातला तेव्हा म्हणाले, “नुसता राग पोस्टाने पाठवता येत नाही हो. काय हवं ते शेवटच्या ओळीत लिहा.” त्या शेऱ्याचा मला अनेक दिवस संताप आला होता. पत्रे मात्र तेव्हापासून सुधारली.

खेळाचे खोके त्यांच्या भाच्याने आणले. तो बोटीवर अधिकारी होता आणि वरच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी सात-आठ महिने मामाकडे राहायला आला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला तो खेळ: एक इंग्रजी पुस्तिका, काही नकाशे आणि वीस पैलूंचा एक फासा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपापली माणसे चालवायची. जमले की नाही ते फाशाने ठरवायचे. रविवारी दुपारी जेवणे झाली की भाचा, मी आणि टेलिफोन खात्यातले सावंत त्यांच्या दिवाणखान्यात जमत असू. सावंत मालवणचे, गोष्ट ऐकण्यापेक्षा फासा टाकण्यात त्यांना अधिक रस. त्यांनी लगेच जादूगार होणे पसंत केले, कारण पुस्तिकेप्रमाणे जादूगाराला आगीचा गोळा फेकता येई. मी योद्धा झालो. पोटकलमांनी पुस्तिका दोनदा वाचली आणि आपण न्यायदंडाधिकारी होणार असल्याचे सांगितले.

“मामा, तसा प्रकारच नाहीये पुस्तकात,” भाचा म्हणाला.

“मग पुस्तक अपुरं आहे.”

भाच्याने सुरुवात केली. “तुम्ही तिघं एका गुहेत शिरलात. समोर राक्षस झोपलाय. बाजूला पेटारा.”

“गुहा कोणाच्या मालकीची?” पोटकलमांनी विचारले.

“राक्षसाची असेल.”

“असेल म्हणजे? असेल तर हा गृहप्रवेश बेकायदा आहे.”

“ओ, काय ह्या!” सावंत फासा हातात खुळखुळवत म्हणाले. “तो उठलो म्हणजे आमका खातलो. मी मारतंय गोळो, मगे मालकी बघू.”

“गोळा कोणत्या परवान्यावर मारता?”

त्या दिवशी गोळा फेकला गेला नाही. भाच्याने पुस्तिका उलटसुलट चाळली. जादू कशी करावी यावर तीस पाने होती, कोणी करावी, कुठे करू नये, आणि तिने दुसऱ्याचे घर जळाले तर पुढे काय, यावर एक ओळही नव्हती. पोटकलमांना याचा खराखुरा धक्का बसला. मला आठवते, त्यांनी चष्मा काढून पुस्तिकेकडे असे पाहिले की जणू एखाद्या जिल्ह्यात शंभर वर्षे न्यायालयच नव्हते असे त्यांना आताच कळले आहे. म्हणाले, “एकाच्या हातात आग आणि दुसऱ्याच्या हातात विळा. अशा राज्यात विळेवाला जगतोच कसा?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलस्केप कागदांचे रीम काढले.

अधिनियमाचे लेखन तीन महिने चालले. दर रविवारी नवे प्रकरण येई आणि आम्ही राक्षस सोडून त्यावर भांडत असू. व्याख्येपासूनच भांडण. त्यांची व्याख्या अशी: ‘जादू म्हणजे असा परिणाम, ज्याचे कारण कर्त्याखेरीज अन्य कोणास तपासून पाहता येत नाही.’ सावंत म्हणाले, मग माझा वरिष्ठ अभियंताही जादूगार. पोटकलमांनी ही सूचना गंभीरपणे विचारात घेतली आणि अपवाद म्हणून टिपून ठेवली.

परवान्याचे तीन वर्ग होते: रोगनिवारक, घरगुती आणि दाहक. दाहक जादू वस्तीपासून दोनशे पावलांच्या आत वर्ज्य. अदृश्य झालेल्या इसमाने परक्याच्या आवारात शिरताना स्वतःचे नाव तीनदा मोठ्याने उच्चारणे बंधनकारक. वशीकरणाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे; अशा अवस्थेत झालेला विवाह वशीकरण उतरल्यापासून एका वर्षात रद्द करून घेता येईल. मंत्राने दुसऱ्याचे मन वाचून मिळवलेला पुरावा अग्राह्य. यावर मी हरकत घेतली. खरे कळत असेल तर न्यायालयाने कान का झाकावेत? ते म्हणाले, “मनात येणं हा गुन्हा नाही. उद्या तुमचं मन वाचलं तर महापालिकेचे निम्मे अधिकारी तुम्ही मारलेले निघतील.”

सर्वांत मोठा वाद मृताला उठवण्यावरून झाला. पुस्तिकेत तसा मंत्र होता. पोटकलमांचा प्रश्न सरळ होता: मेलेला मनुष्य उठला, तोवर मुलांनी घर वाटून घेतलेले असेल, तर घर कोणाचे? सावंत म्हणाले बापाचे. मी म्हणालो वारसांचे. दोन रविवार गेले. शेवटी त्यांनी लिहिले: ‘पुनरुत्थित व्यक्तीस पूर्वीच्या मालमत्तेत फक्त निवासाचा व निर्वाहाचा हक्क राहील.’ “एकदा मेल्यावर माणसानं पाहुण्यासारखं राहावं,” असे ते हलक्या आवाजात म्हणाले आणि कागद उलटला.

मग भाच्याच्या गोष्टीत एक गाव आले. गावकऱ्यांनी एका म्हातारीला चेटकीण म्हणून बांधून आणले होते. तिच्यामुळे गुरे मेली, असा आरोप. बक्षीस मोठे होते आणि सावंतांचा गोळा तयार होता. पोटकलमांनी सुनावणी मांडली. ती चार रविवार चालली. भाचा काकुळतीला आला.

“मामा, डोंगरात राक्षस वाट बघतोय कधीचा!”

“त्याला पुढची तारीख द्या.”

त्या सुनावणीतून अकरावे कलम निघाले, आणि ते मला अजून पाठ आहे: ‘जादूने हानी झाली असे म्हणणाऱ्याने हानी, जादू आणि जादू करणारा इसम या तीन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध केल्या पाहिजेत, एकीवरून दुसरी गृहीत धरता येणार नाही.’ म्हातारी सुटली. सावंत रागावून दोन आठवडे आले नाहीत.

याच सुमारास संस्थेकडे एक तक्रार आली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर महापालिकेच्या प्रसूतिगृहातल्या एक परिचारिका राहत. पन्नाशीच्या, अविवाहित, कामापुरते बोलणाऱ्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सदनिका त्यांच्या भावाच्या नावावर होती. भाऊ वारला आणि नामनिर्देशनाप्रमाणे ती सिस्टरच्या नावावर करण्याचा अर्ज समितीपुढे होता. सरळ काम होते. पण काही महिने दर अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी, तळमजल्यावर दोन्ही जिन्यांचे बोळ जिथे मिळतात तिथे, पत्रावळीवर भात, लिंबू, कुंकू आणि नारळ पडलेला सापडत होता. रात्रीची ड्यूटी आटोपून पहाटे त्या वाटेने प्रथम येत त्या सिस्टरच. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या पत्नीचा दोनदा गर्भपात झाला होता. या सुट्या गोष्टी बायकांनी नळावर आणि पुरुषांनी गच्चीवर एकत्र बांधल्या. प्रसूतिगृहात काम करणारी, मूलबाळ नसलेली बाई करणी करते, अशी लेखी तक्रार त्या सभासदाने दिली. खाली अकरा सह्या. सदनिका तिच्या नावावर करू नये, ही मागणी.

मी करणी मानत नव्हतो, आजही मानत नाही. परंतु अकरा सह्यांच्या तक्रारीवर सचिवाने कार्यवाही करणे भाग असते, अशी माझी तेव्हाची समजूत. मी सिस्टरना नोटीस काढली: ‘आपण सामाईक जिन्यात करणीचे साहित्य ठेवून सभासदांच्या जीवितास धोका निर्माण करीत आहात, तरी आपला हस्तांतरणाचा अर्ज का फेटाळू नये याचा खुलासा करावा.’ खाली माझी सही, वर संस्थेचा गोल शिक्का.

विशेष सभा रविवारी सायंकाळी तळमजल्याच्या मोकळ्या जागेत सतरंज्यांवर भरली. सिस्टर मागे खांबाजवळ गणवेशातच बसल्या होत्या. अध्यक्षांनी विषय मांडला आणि पोटकलम उभे राहिले.

“सचिवांनी नोटीस वाचून दाखवावी.”

मी वाचली.

“धोका साहित्यापासून, की करणीपासून?”

“तक्रारीत होतं तसं लिहिलं,” मी म्हणालो.

“तक्रार तक्रारदाराची, नोटीस संस्थेची. लिंबानं कोणाच्या जीविताला धोका होत नाही. म्हणजे करणीनं होतो. म्हणजे करणी लागते, असं या नोंदणीकृत सहकारी संस्थेचं लेखी म्हणणं आहे. शिक्का आहे खाली?”

“शिक्को हा, सही पण हा!” सावंत मागून ओरडले. लोक हसले. मी हसलो नाही.

पोटकलम पुढे म्हणाले, “मी एका खेळासाठी कायदा केला, त्यावरून तुम्ही मला हसता. त्या राज्यात जादू खरी होती, म्हणून कायदा लागला. तुमच्याकडे जादू नाही, कायदा नाही, आणि शिक्षा मात्र तयार आहे.”

“माझी दोन मुलं गेली, काका,” तक्रारदार उठून म्हणाला. “दोन. त्याचं काय?”

पोटकलम त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, “ती हानी मी नाकारत नाही, बाळ. पण तिच्यावरून करणी सिद्ध होत नाही. आणि करणीवरून सिस्टर सिद्ध होत नाहीत. हा कागद उद्या निबंधकांपुढे गेला, तर उत्तर तुला नाही, या अध्यक्षांना द्यावं लागेल.”

अध्यक्षांनी घाम पुसला. “अहो पण मग ठेवतं कोण ते?” एका सभासदाने विचारले.

“तो प्रश्न उपस्थितच होत नाही. नोटीस मुळातच अवैध आहे. अवैध नोटिशीवर तथ्यांची चौकशी करता येत नाही.”

मला ते युक्तिवाद म्हणून निर्दोष वाटले होते. नोटीस रद्द झाली, हस्तांतरण मंजूर झाले, पुढच्या आठवड्यात मी भागपत्रावर सिस्टरचे नाव चढवले.

पण इमारतीने त्याचा अर्थ वेगळा घेतला. ‘कायद्याच्या फटीतून सुटली,’ असे लोक म्हणू लागले. जिन्यात सिस्टर दिसल्या की आया मुलांना आत ओढीत. पूर्वी रात्रीबेरात्री ताप मोजायला त्यांनाच हाक मारणारी माणसे आता जवळच्या डोंगरेवाडीतून कंपाउंडर बोलावीत. तक्रारदाराची पत्नी त्या दिसताच पदर पोटावर ओढून भिंतीकडे तोंड करी. तोवर कुजबुज होती. आता ती सभेच्या इतिवृत्तातही नोंदली गेली होती.

महिन्याभराने, एका रविवारी आम्ही खेळायला बसलो असताना, दार उघडेच होते, सिस्टर आत आल्या. बसल्या नाहीत.

“दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काल माझ्याकडे आल्या होत्या,” त्या पोटकलमांना म्हणाल्या. आजी म्हणजे तक्रारदाराची आई. “गुडघे धरून एक मजला चढल्या आणि रडत बसल्या. सुनेची दृष्ट काढून त्याच उतारा ठेवायच्या. तिठ्यावर ठेवायचा असतो, नाक्यापर्यंत चालवत नाही, म्हणून दोन जिने मिळतात तिथे. मुलाला सांगायचं धाडस झालं नाही.”

सावंतांनी फासा खाली ठेवला. “आयशप्पत!”

“आजी असंही म्हणाल्या, की ठेवताना तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होतात. सभेत तुम्ही उठलात तेव्हा त्यांना वाटलं, आता हे माझं नाव घेणार. तुम्ही पाहिलं होतंत?”

“पाहिलं होतं. तीन अमावास्यांना.”

“मग बोलला का नाहीत?”

“गरज नव्हती,” पोटकलम म्हणाले. “कायद्याच्या मुद्द्यावर नोटीस टिकतच नव्हती. शिवाय त्या बाईंना उघडं पाडून…”

“नाव नका घेऊ हो त्यांचं. कोण म्हणतंय घ्या? पण ही नाही, एवढं तरी म्हणायचं. चोवीस घरांसमोर एकदा. तुम्हाला गरज नव्हती. मला होती.”

त्या निघून गेल्या. भाचा म्हणाला, “मामा, तुमची पाळी आहे.” पोटकलमांनी फासा उचलला नाही. एकोणसत्तर कलमांचा गठ्ठा समोर होता; त्याकडेही त्यांनी पाहिले नाही. एवढेच म्हणाले, “साक्षीदारानं गप्प बसण्याबद्दल मी त्यात काहीच लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, पुन्हा विशेष सभा बोलवा, एकच विषय, मला निवेदन करायचे आहे. मी नियमावली काढली. निकालात निघालेला विषय सहा महिने पुन्हा घेता येत नाही. मी ते त्यांना वाचून दाखवले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मलाही ते तेव्हा बरोबर वाटले. माझ्या सहीची ती नोटीस चुकीची होती, एवढे एका ओळीचे पत्र मी सचिव या नात्याने कधीही काढू शकलो असतो. त्याला कोणत्याही सभेची गरज नव्हती. त्या वर्षी मी दूरध्वनी, रस्ते, पाणी आणि भटकी कुत्री या विषयांवर सतरा पत्रे लिहिली.

ते प्रथम आजींकडे गेले, परवानगी मागायला. आजी म्हणाल्या, “सांगा, पण माझं नाव सुनेच्या कानावर नको.” मग संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून त्यांनी दारोदार जायला सुरुवात केली. माझ्याही दारी आले, मला सर्व ठाऊक असूनही. चपला बाहेर काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “अमावास्येला उतारा ठेवणारी व्यक्ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या सिस्टर नाहीत. हे मी सभेत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक.” एवढेच. ना कलम, ना अपवाद.

काही घरांत त्यांना चहा विचारला गेला, काही घरांत दार अर्धेच उघडले. माझ्या शेजाऱ्याने मिशीतल्या मिशीत हसत विचारले, “पण काका, कशावरून मानायचं आम्ही?”

ते गोरेमोरे झाले. त्यांच्या कायद्याप्रमाणे या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते त्यांच्या विरुद्ध जाणारे होते. “माझ्या शब्दावरून,” ते म्हणाले. “दुसरं माझ्याकडे काही नाही.”

तक्रारदाराने ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. त्याच्या पत्नीने ऐकले की नाही, ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर पोहोचले आणि सर्वांत शेवटी सिस्टरच्या दारी उभे राहिले. मी जिन्यात वीजमीटरचे आकडे टिपत होतो. त्यांनी तेच निवेदन, त्याच शब्दांत, सिस्टरना केले. सिस्टरनी दारात उभे राहून ते पूर्ण ऐकले.

“किती घरं झाली?” त्यांनी विचारले.

“माझं आणि तुमचं सोडून बावीस. एकवीस झाली. पहिल्या मजल्यावरचे गावी गेलेत, वैभववाडीला.”

“ते आले की त्यांनाही सांगा,” सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिल्या मजल्यावरचे कुटुंब शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परतले. फाटकाशी टॅक्सी थांबली. टपावरून फणस, आमसुलांची पिशवी आणि वळकटी उतरत होती. धाकटी मुलगी अजून झोपेत आईच्या खांद्यावर होती. पोटकलम तळमजल्याच्या पायरीवरून उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि कुटुंबप्रमुखाच्या हातातला फणस खाली टेकायच्या आत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “माफ करा,” ते म्हणाले, “सामान नंतर. आधी मला एक सांगायचं आहे.”